लेस्ली मॅन्सर : नातीच्या शाळेच्या नावामागचा वैमानिक



समितीने सांगितलं, दहा मिनिटं, विषय तुझ्या मनाचा. मी आज एका परक्या मुलाबद्दल बोलणार आहे. माझी मुलगी इंग्लंडमध्ये लिंकनला असते. नात तिथल्या ज्या प्राथमिक शाळेत जाते, तिचं नाव लेस्ली मॅन्सर. मला वाटलं, कोणी देणगीदार असेल. आपल्याकडे शाळेला नाव लागतं ते बहुधा तसंच! चौकशी केली तेव्हा कळलं, ही वस्तीच मुळी जुन्या स्केलिंगथॉर्प विमानतळाच्या जागेवर उभी आहे, आणि मॅन्सर हा तिथून उडालेला वैमानिक.

त्याचा जन्म नवी दिल्लीचा, ११ मे १९२२. वडील आपल्याकडच्या टपाल-तार खात्यात इंजिनिअर होते. पुढचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालं आणि १९४० मध्ये तो हवाई दलात भरती झाला.

३० मे १९४२ च्या रात्री ब्रिटिशांनी जर्मनीतल्या कोलोन शहरावर हजारावर विमानं पाठवली. एका शहरावर एवढी विमानं पहिल्यांदाच जात होती. मॅन्सरला मिळालं होतं मँचेस्टर जातीचं बाँबर. आपल्या वर्गातले दोघे फौजेतले समोर बसलेत, माझं चुकलं तर त्यांनी कान धरावा. पण या विमानाची दोन इंजिनं म्हणजे वैमानिकांच्या डोक्याला तापच होता. एक बंद पडलं की दुसऱ्यावर उंची टिकवणं कठीण. पुढे त्याच विमानाचा सांगाडा सुधारून, चार इंजिनं लावून लँकेस्टर झालं, ते नावाजलं. त्या रात्री मात्र मॅन्सरचं विमान सात हजार फुटांच्या वर चढेना. शहरावर पोचताच सर्चलाइटच्या झोतात सापडलं. तरी त्याने बाँब टाकले. तोफांचा मारा बसला, मागचा तोफची जखमी झाला, आणि परतताना डावं इंजिन पेटलं.

इथेच उड्या मारायला हरकत नव्हती. सगळे कैदेत गेले असते, पण जिवंत राहिले असते. त्याने ठरवलं, माणसांना घरी न्यायचं. पंखातली आग विझली, पण विमान खाली खाली येत राहिलं. बेल्जियममधल्या ब्रे गावाजवळ त्याने सगळ्यांना उडी मारायला सांगितलं. शेवटी उरलेल्या सहवैमानिकाने त्याच्यापुढे पॅराशूट धरलं. मॅन्सरने ते हातानेच बाजूला सारलं आणि म्हणाला, तू आधी जा, मी विमान काही सेकंदच स्थिर ठेवू शकेन. सहवैमानिकाने इतक्या खालून उडी मारली की पॅराशूट नीट उघडायलाही वेळ नव्हता. तो पाण्यात पडला म्हणून वाचला. खाली उतरणाऱ्यांनी विमान कोसळून पेटलेलं पाहिलं.

सहाही जण वाचले. एक कैद झाला, पण पाच जणांना बेल्जियममधल्या साध्या माणसांनी लपवून, जीव धोक्यात घालून, पुढे पोचवलं. ते इंग्लंडला परतले आणि त्यांनी सांगितलं म्हणूनच जगाला हे कळलं. ऑक्टोबरमध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. गेला तेव्हा वय वीस वर्षं. आपण त्या वयात पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरत होतो, निदान मी तरी.

एक गोष्ट गिळून टाकणं मला जमणार नाही. त्या रात्री कोलोनमध्ये चारशेहून जास्त माणसं मेली, आणि त्यांत बहुतेक साधी, घरात राहणारी होती. त्यांनाही नातवंडं असतील. नातीला मी पॅराशूटची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "आजोबा, बाँब कुणावर टाकले?" मी सांगितलं, गावावर. ती गप्प झाली. मीही. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही, एवढंच मला कळतं.

आता मुद्द्याचं. आपल्या शाळेच्या जिन्यावर बोर्डात आलेल्यांचे फलक आहेत, आणि ते असावेतच. पण या शाळेतून फौजेत जाऊन परत न आलेल्यांची यादी कुठेच नाही. कार्यालयातली जुनी रजिस्टरं चाळायला मी पुढचे दोन महिने इथेच आहे. कोणाला एखादं नाव, बॅच, घरचा पत्ता आठवत असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मला गाठा. वही माझ्याजवळ आहे.