चढावरील सायकल

वर्धा नदी ओलांडून कळंबमार्गें यवतमाळकडे येणाऱ्या सायकलस्वाराला या जिल्ह्याचा स्वभाव प्रथम पायांनीं कळतो. नदीकांठची भूमि समुद्रसपाटीपासून सुमारें अडीचशें मीटर, तर यवतमाळ शहर सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर. पुसदकडे वळावें, तर तें गांवच डोंगरांनीं वेढलेलें. अशा मुलखांत चढ चुकवितां येत नाहीं. तो कसा चढावा, एवढेंच शिकतां येतें.

नवशिका स्वार चढ दिसतांच त्यावर तुटून पडतो. आरंभींचीं दोनतीन मिनिटें श्रम जाणवत नाहींत, कारण तेवढा वेळ शरीर उसनवारीवर चालत असतें. प्राणवायूची मागणी व पुरवठा यांचा मेळ बसण्यास कांहीं अवधि लागतो. तोंवर घेतलेलें कर्ज व्याजासह फेडावें लागतें, आणि तेंहि चढ अर्धा शिल्लक असतांना!

हिशेब पाहावा. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन १०० मीटर उंच नेण्यास सुमारें ७८ हजार जूल कार्य करावें लागतें. शेंकडा ६ चढाच्या रस्त्यावर एवढी उंची सुमारें १,७०० मीटर अंतरांत गांठली जाते. तेथें आठ मिनिटें घेतलीं, तर केवळ वजन उचलण्यासच सुमारें १६० वॅट शक्ति लागते. सहा मिनिटें घेतलीं, तर सुमारें २१५ वॅट. कार्य तेंच, दोन मिनिटांच्या लोभापायीं शक्ति मात्र एकतृतीयांशानें अधिक.

म्हणून हलका गिअर चढ लागण्यापूर्वींच घालावा; पेडलवर सगळा भार पडल्यावर साखळी बदलणें कष्टाचें होतें. पायांचे फेरे मिनिटास सत्तरच्या आसपास राहावेत. सोबत्याशीं एखादें पुरें वाक्य बोलतां येईल इतपतच दम लागूं द्यावा. उभें राहून पेडल मारणें तीव्र वळणापुरतें ठेवावें, आणि राखलेलें बळ शेवटच्या चतुर्थांशांत खर्चावें. गिअर नसलेल्या सायकलीवरून उतरून चालण्यांत कमीपणा नाहीं.

वैशाखांत या विवेकाचें मोल अधिक. विदर्भांत पारा ४५ अंशांवर चढतो. चढावर गति मंदावते, तसा अंगावरील वाराहि कमी होतो, आणि घाम पुरेसा सुकत नाहीं. भोंवळ किंवा मळमळ वाटतांच सावलींत थांबून अंग ओलें करावें. येथें हट्ट जिवावर बेततो. चढ पहांटेसच उरकावा, हें उत्तम.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्यानें, बारा दिवसांच्या आंत पुरी केली. वाटेंत रॉकी पर्वतहि आडवा येतो. इतकी मजल प्रत्येक चढावर सर्वस्व उधळणाऱ्यास साधत नाहीं. पुढच्या चढाची आठवण ठेवून चालणाऱ्यासच ती साधते.