आधी ऐकू, मग बोलू

बाहेर पाऊस आहे आणि या खोलीचं छप्पर पत्र्याचं, त्यामुळे आमचे आवाज मध्येच चढले तर सांभाळून घ्या. आम्ही चौघी लोणावळ्याहून बोलतोय. आठवड्यातून दोन दुपारी आम्ही आमच्या मंडळीच्या मागच्या खोलीत बसतो. कोणी बाई आली की चहा ठेवतो आणि तिचं ऐकतो. याला समुपदेशन म्हणतात. हे काम आम्ही सुरुवातीला चुकीचं करत होतो, म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो.

चार वर्षांपूर्वी एक ताई आली. तिचं नाव, गाव, ओळख पटेल असं काहीच आम्ही सांगणार नाही. घरात वर्षानुवर्षं मारहाण. ती बोलायला लागली आणि पाच मिनिटांत आमच्यातली एक म्हणाली, “क्षमा कर, प्रभूवर सोपव, घर मोडू नकोस.” दुसरीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. प्रार्थना मनापासून होती, पण घाईची होती. ताई आमेन म्हणाली, पदर सावरला आणि गेली. पुढच्या रविवारी उपासनेला दिसली नाही, त्यानंतरही कधी नाही. बऱ्याच दिवसांनी कळलं की त्या दुपारी तिला आम्हाला एवढंच विचारायचं होतं, मुलांना घेऊन आठ दिवस कुठे राहता येईल का.

ते ऐकल्यावर आम्ही काही महिने खोली बंदच ठेवली. पुण्याला जाऊन रीतसर शिकलो. आणि एका शनिवारी लोकलने पुणे, तिथून दौंडची गाडी पकडून केडगावला गेलो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. आपल्याच जिल्ह्यात आहे, पण आमच्यातल्या तिघींनी तोवर पाहिलं नव्हतं.

रमाबाईंचं नाव आपण विदुषी म्हणून ऐकतो. पण त्या स्वतः केवढ्या आघातातून आल्या होत्या ते शाळेत कोणी सांगत नाही. दुष्काळात अन्नान्न करत भटकताना वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. तेव्हा रमाबाई विशीच्याही नव्हत्या. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पटकीने नवरा. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, तर सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. यातलं एक दुःखसुद्धा माणसाला पुरून उरतं.

त्या ख्रिस्ती कशा झाल्या याची त्यांनीच सांगितलेली एक हकीकत आहे. इंग्लंडमध्ये वॉन्टेजच्या सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक आश्रयघर दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या बायका तिथे राहत होत्या, आणि सिस्टर त्यांची मायेने सेवा करत होत्या. आपल्याकडे अशा बाईला कोणी दारात उभं करत नाही, मग या का करतात, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण केडगावहून परतताना गाडीत ती पहिल्यांदा नीट कळली. ऐन दुपारी एक बाई एकटीच विहिरीवर येते. येशू आधी तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. उपदेश नाही, मागणं आहे. मग दोघांचं कितीतरी वेळ बोलणं चालतं, ती उलट प्रश्न विचारते, तो उत्तरं देतो. तिच्या आयुष्यात काय घडलंय ते त्याला ठाऊक आहे, तरी तो तिला हाकलत नाही. आणि आम्ही? आम्ही पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळ्या झालो होतो.

१८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःचे भुकेचे दिवस आठवत होते म्हणून गेल्या, असं त्या लिहितात. तिथून शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर हलवलं, तीच ‘मुक्ती’. सांगाडे झालेल्या या मुलींतल्या कितीतरी जणींवर वाटेत अत्याचार झालेले. त्यांना आधी अंघोळ, कपडे, जेवण आणि औषधपाणी मिळालं. शारदा सदनात आधीपासून असलेल्या बायकांनी या नव्या मुली सांभाळायला घेतल्या. म्हणजे जी स्वतः पोळली होती तिच्याच हाती दुसरीचा हात दिला. मग शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना. अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ निराळं. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांहून जास्त जणी होत्या.

एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. रमाबाई मुलींना धर्मांतराकडे ओढतात, असा आरोप तेव्हाही झाला. १८९३ मध्ये शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी माणसं याच कारणाने बाहेर पडली. उपाशी लेकराला अन्न देणाऱ्या हाताचा धर्म चिकटतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमचं आपलं मत असं की, दुखावलेली बाई आमच्या खोलीत असताना आमच्यापेक्षा दुबळी असते, म्हणून तिथे धर्म पुढे करू नये. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक बायका ख्रिस्ती नाहीत. तिने मागितली तरच प्रार्थना. नाही मागितली तर ती गेल्यावर आम्ही करतो, दार लावून.

आता मावळाचं सांगतो. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला पवनेच्या पाइपलाइनच्या आंदोलनावर गोळीबार झाला, तिघे जण गेले. १५ जून २०२५ ला, रविवारी, कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, चार जण गेले. बातम्या आठ दिवस येतात. पण जी तिथून वाचून आली, तिचा पाय पुढे कुठल्याही पुलावर अडखळतो. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकते. झोप लागत नाही, जेवणाला चव नाही, लेकरावर उगाच ओरडते. मार खाणाऱ्या बाईचंही हेच होतं, फक्त तिची बातमी येत नाही. शेजारीण म्हणते, बाहेरचं झालंय. आमच्या मंडळीत म्हणतात, विश्वास कमी पडला. दोन्ही चूक. धोका टळला तरी शरीर पहारा सोडत नाही, एवढंच ते आहे.

असं होत असेल तर त्या क्षणी तळपाय जमिनीला टेकवा. आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, श्वास सावकाश बाहेर सोडा. स्तोत्र पाठ असेल तर स्तोत्र म्हणा, अभंग येत असेल तर अभंग म्हणा. पण महिना उलटूनही असंच चाललं तर डॉक्टरांकडे जायचं. कोणी म्हणालं, गोळ्या बंद कर आणि देवावर भरवसा ठेव, तर ऐकू नका. साखरेची गोळी आपण प्रार्थनेपायी बंद करत नाही.

क्षमेबद्दल आम्हाला सारखं विचारतात. क्षमा आमच्या श्रद्धेत फार मोठी आहे, पण ती तिच्याकडे मागायचा हक्क आम्हाला नाही. आणि क्षमा केली म्हणजे मारणाऱ्याच्या घरी परत जायचं, असंही नाही. आमच्याकडे येणारी एक आजी दोन वर्षं मुलाबद्दल एक शब्द बोलली नाही. ती यायची, शेंगा सोलायची, जायची. मग एका दुपारी बोलली, सलग दोन तास. आम्ही काही म्हटलं नाही. चहा मात्र तीनदा झाला.

कागद-पेन्सिल घ्या. टेलि-मानस, १४४१६. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१, जिवावरच बेतलं असेल तर ११२. राहायला जागा हवी असेल तर १८१ वर तसं स्पष्ट विचारा. आम्हीही आता कोणी आलं की पहिलं हेच विचारतो, आज रात्री कुठे झोपणार आहेस?

आणि ती ताई हे ऐकत असेल, तर ताई, त्या दिवशी आमचं चुकलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाच आम्ही असतो. पुढच्या दाराने यायला नको वाटलं तर मागचं फाटक उघडं ठेवतो.