पत्ता नसलेल्यांची शिरगणती



 बेघरांच्या प्रश्नावरील ही परिषद मुंबईत भरते आहे, याचे मला विशेष मोल वाटते. फुटपाथवर संसार मांडणाऱ्यांचा या देशातला सर्वांत गाजलेला खटला याच शहरातला.

तो ओल्गा टेलिस खटला. त्याच्या निकालपत्रात संगमनेरचा एक कारागीर भेटतो. गावात जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवणारा. घर पडले, मुंबई गाठली, महिना साडेतीनशेवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला तीनशे रुपये मोजले. बांबू आणि प्लास्टिकला आणखी सातशे. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार! फुटपाथवाले फुकट राहतात म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर वाचावा.

जुलै 1981मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी अशा सर्वांना हटवून मूळ गावी धाडण्याची घोषणा केली आणि ऐन पावसात झोपड्या तुटल्या. 10 जुलै 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असा निर्वाळा दिला. पण त्याच निकालाने झोपड्या हटवायलाही मुभा दिली. फक्त 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हटले. हक्क मान्य झाला आणि छप्पर गेले, हे मला आजही सलते.

त्याच वर्षी भायखळ्यात दुसरे काम झाले. ‘स्पार्क’ संस्थेने फुटपाथवरच्या बायकांना सोबत घेऊन तिथल्या कुटुंबांची शिरगणती केली. ही कष्टकरी माणसे आहेत, शहराची स्वस्तातली कामे हीच करतात, हे आकड्यांनिशी दिसले. त्यातूनच पुढे ‘महिला मिलन’ उभे राहिले. माझ्या मते त्या बायकांचे काम निकालाइतकेच मोठे आहे.

कारण जो मोजलाच जात नाही, त्याच्यासाठी कुणी काही बांधत नाही. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा उघडण्याचे आदेश दिले. 2013च्या केंद्रीय योजनेनेही तेच प्रमाण धरले. पण निवारा कामाच्या नाक्यापासून लांब असला, किंवा नवऱ्याला एकीकडे आणि बायको-लेकरांना दुसरीकडे झोपावे लागले, तर तिथे कोण जाईल? मग फुटपाथच उरतो. तिथे पहाटे अंथरूण गुंडाळणारी बाई आधी कमरेची प्लास्टिकची पिशवी चाचपते. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलाचा शाळेचा दाखला. ‘पालिकेची गाडी आली’ अशी हाक उठली की भांडी सुटतात, पिशवी सुटता कामा नये. ती गेली तर सगळे पहिल्यापासून.

28 फेब्रुवारी 2011च्या रात्री जनगणनेने देशभरात सुमारे 17.7 लाख बेघर मोजले. महाराष्ट्रात सुमारे 2.1 लाख. पुलाखाली, बंद दुकानाच्या पायरीवर, हातगाडीवर झोपलेले किती सुटले असतील, हे रात्री रस्त्यावर फिरणारा कार्यकर्ता जाणतो.

आता 2027ची जनगणना आहे. माझी एकच विनंती आहे. बेघरांची मोजणी ज्या रात्री असेल, त्या रात्री आपल्या वॉर्डातल्या प्रगणकाबरोबर चाला. कोण कुठे झोपते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला तिथे घेऊन जा.