नाव खोडलं म्हणजे माणूस लपत नाही

(मंगळवेढ्यात विज्ञान आणि कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं हे भाषण. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी लिहून काढलंय. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी मूळची इथलीच. बीटेक केलं आणि आता पुण्यात आरोग्याच्या डेटावर सॉफ्टवेअरचं काम करते. गावी आले की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "म्हणजे नेमकं काय करतेस गं?" आणि दुसरा, "आमच्या पोराला त्यात नोकरी लागेल का?" आज दोन्हींची उत्तरं द्यायचा प्रयत्न करते. पण मधे एक तिसरी गोष्ट आहे, प्रायव्हसीची. ती समजल्याशिवाय बाकीच्या दोन्हींना अर्थ नाही.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. बार्शी. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. पण भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री तिथे १९८७ मध्ये सुरू झाली, हे किती जणांना माहीत आहे? रजिस्ट्री म्हणजे नोंदवही. ठरावीक भागात कुणाला, कुठला कॅन्सर, कधी झाला आणि पुढे काय झालं, याची नोंद. त्याआधी आपल्या देशात अशा नोंदी होत्या त्या मुंबईसारख्या शहरांच्या. खेड्यात किती कॅन्सर आहे, कोणता आहे, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं त्यात घेतली. आता शहरात काय, हॉस्पिटलांचे कागद गोळा केले की बरंचसं काम होतं. खेड्यात माणूस हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही, तर कागद कुठून येणार? म्हणून इथले कार्यकर्ते गावोगाव फिरले. लोकांना लक्षणं समजावून सांगितली. अंगावरून जातंय, गाठ आली आहे, तोंडातली जखम भरत नाही, असं कुणी सांगितलं की त्याला तपासणीसाठी दवाखान्यात आणायचं. लोकांशी बोलून, ओळख वाढवून केलेली मोजणी.

त्यातून काय कळलं? या भागातल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्यात जास्त, आणि तो उशिरा लक्षात येतो. मग बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि कॅन्सरवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयएआरसी यांनी मिळून १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या भागात नेहमीची व्यवस्था. २००९ मध्ये निकाल छापून आला. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, आणि नेहमीच्या व्यवस्थेच्या गटात ६४. दोन्ही गट साधारण तेवढेच मोठे होते. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर.

या अभ्यासावर पुढे टीकाही झाली. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, हा प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा. माहिती देणाऱ्या माणसाला आपण काय देणं लागतो, हा या क्षेत्रातला पहिला प्रश्न आहे.

आता मला सांगा, हे ३४ आणि ६४ कुठून आले? कुणीतरी घराघरात जाऊन विचारलं, आणि एखाद्या बाईने जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते अनोळखी ताईला सांगितलं. का सांगितलं? कारण तिला वाटलं की हे इथून बाहेर जाणार नाही. उद्या तेच गावभर झालं, तर पुढच्या गावात कुणी दार उघडणार नाही. मग कसला डेटा आणि कसलं संशोधन! म्हणून मी म्हणते, प्रायव्हसी ही संशोधनाच्या वाटेतली अडचण नाही. तिच्याशिवाय संशोधन उभंच राहत नाही.

"मग त्यात काय, नाव काढून टाकायचं!" असं कुणीही म्हणेल. इथेच गंमत आहे.

अमेरिकेत लाटानिया स्वीनी नावाच्या संशोधक आहेत. विद्यार्थी असताना त्यांनी दाखवून दिलं की 'नावं काढलेल्या' हॉस्पिटलच्या डेटातून मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरचाच रेकॉर्ड शोधता येतो. त्यासाठी फक्त मतदारयादी शेजारी ठेवावी लागली. पुढे २००० साली त्यांनी हिशोब मांडला की जन्मतारीख, पिनकोड आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली साधारण ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येऊ शकतात. नंतरच्या अभ्यासात हा आकडा कमी आला, ६३ टक्क्यांच्या आसपास. तरी निम्म्याहून जास्तच की!

आपल्याकडे काय होईल? आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून! शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेला. त्यामुळे जन्मतारखेवरून ओळखणं जरा अवघड. पण गाव आणि काम एवढं पुरतं. समजा एका ओळीत लिहिलंय: स्त्री, वय ३६, अमुक वाडी, अंगणवाडी सेविका, एचआयव्ही पॉझिटिव्ह. नाव नाही, फोन नाही, आधार नाही. त्या वाडीत अंगणवाडी सेविका किती? एक. सोलापूरच्या ऑफिसात बसलेल्याला ती कोण ते कळणार नाही, पण वाडीतल्या शाळकरी पोरालासुद्धा कळेल. आणि मग तिची नोकरी, तिच्या पोरीचं लग्न, पाणवठ्यावरची कुजबुज, हे सगळं त्या एका ओळीमुळे.

आपल्या मंगळवेढ्यातच कुसू कोसळून चोखोबा आणि त्यांच्यासोबतची माणसं गाडली गेली, आणि ढिगातल्या चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी विठ्ठलनामाच्या आवाजावरून ओळखल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेव प्रेमाने आले होते. डेटाच्या ढिगातून माणूस हुडकणारा प्रेमानेच येईल असं नाही. पण प्रत्येक माणसाची काहीतरी खूण मागे राहते, एवढं ध्यानात ठेवा.

मग इंजिनिअर म्हणून आम्ही काय करतो? चार गोष्टी सांगते.

एक. ओळख आणि आजार वेगळ्या कपाटात. नाव-पत्ता एका डेटाबेसमध्ये, तपासणीचे निकाल दुसऱ्यात, आणि दोन्हींना जोडणारा क्रमांक तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात. काही पोरं म्हणतात, मोबाईल नंबर हॅश केला की झालं. नाही झालं. दहा अंकी नंबर म्हणजे जास्तीत जास्त एक हजार कोटी शक्यता. साध्या ग्राफिक्स कार्डवर सगळ्या करून बघायला काही मिनिटं लागतात. गुप्त किल्ली वापरायची आणि ती डेटापासून लांब ठेवायची.

दोन. लहान आकडे उघडे छापायचे नाहीत. अमेरिकेच्या मेडिकेअरच्या डेटात १ ते १० हे आकडे झाकतात. पण नुसतं झाकून भागत नाही. समजा चार गावांची बेरीज ४७ छापली, तीन गावांचे १५, १८ आणि ११ छापले आणि चौथं झाकलं. वजाबाकी करा, ३ आले! म्हणून आणखी एक आकडा झाकावा लागतो किंवा गावं एकत्र करावी लागतात.

तीन. एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळवणं. हे ऐकायला सोपं, करायला महाकठीण. इंग्रजीत मंगळवेढ्याचंच स्पेलिंग तीन-चार प्रकारे येतं. तीच बाई एका कागदावर शोभा, दुसऱ्यावर शोभाबाई, तिसऱ्यावर माहेरच्या आडनावाने. वय अंदाजे. जन्मतारीख १ जून! तयार लायब्ररी इथे आडवी पडते. इथे आपल्या गावाकडची समज कामाला येते. लग्नानंतर नाव कसं बदलतं, 'वाडी' आणि 'तांडा' वेगळे का, हे ज्याला ठाऊक आहे त्याचं जुळवणं चांगलं होतं. चुकीचं जुळलं तर एकीचा आजार दुसरीच्या नावावर जातो.

चार. साध्या गोष्टी. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर उघडे सापडले. त्यात एचआयव्हीचेही होते. कुणी मोठा हॅकर आला नव्हता, सर्व्हरवरचं फोल्डर उघडं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, आणि एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात दोन आठवडे हाताने कागदावर कामं करावी लागली. आणि रोज मी बघते ते म्हणजे पेशंटच्या यादीचं एक्सेल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला काम उरकायचं असतं. त्याला सोपा आणि सुरक्षित दुसरा रस्ता करून देणं हे आपलं काम.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याची स्पष्ट जबाबदारी आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. पण या कायद्यात आरोग्याच्या माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा वर्ग नाही. म्हणजे किराणा दुकानाची यादी आणि कॅन्सरची यादी यांत फरक करायचा तो बराचसा आपल्यालाच, डिझाइन करताना.

आता नोकरीचं. खरं सांगते, पहिला पगार मोठ्या प्रॉडक्ट कंपनीपेक्षा कमी असू शकतो. संशोधन संस्थेत बऱ्याचदा प्रकल्प संपेपर्यंतचा करार असतो, हे घरी आधी सांगून ठेवा. पण काम शिकवणारं आहे. एसक्यूएल पक्कं करा. पायथॉन किंवा आर, दोन्हींपैकी एक नीट. संख्याशास्त्र टाळू नका, तिथेच बहुतेक इंजिनिअर कच्चे असतात. मग या क्षेत्राची भाषा: आजारांच्या कोडसाठी आयसीडी, एक्स-रे आणि स्कॅनसाठी डायकॉम, हॉस्पिटलांनी एकमेकांशी बोलण्यासाठी एफएचआयआर. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये हेच एफएचआयआर वापरतात, आणि त्याच्या मानकांचं काम पुण्यात सीडॅकमधल्या केंद्रात चालतं. सगळं फुकट वाचायला मिळतं.

अनुभव कुठून आणायचा? ओपनएमआरएस आणि बाम्नी ही हॉस्पिटलची मुक्त सॉफ्टवेअर आहेत. बाम्नी तर छत्तीसगडमधल्या गनियारीच्या ग्रामीण हॉस्पिटलच्या गरजेतून तयार झालं. त्यात मराठी भाषांतर सुधारा, एखादा बग सोडवा. सरावाला खऱ्या पेशंटचा डेटा कधीही घेऊ नका. सिंथिया नावाचं सॉफ्टवेअर खोटे पण खऱ्यासारखे पेशंट तयार करून देतं, ते वापरा.

आणि मुलाखतीला गेलात की तुम्हीही विचारा: हा डेटा कुणाचा? त्यांना काय सांगून घेतला? कोण कोण उघडू शकतं, आणि कुणी उघडला याची नोंद राहते का? काम संपल्यावर पुसणार कधी? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तुम्हाला कंपनीबद्दल बरंच काही कळलं असं समजा.

पहिला गृहपाठ आजच देते. घरी जाऊन स्वतःबद्दलची एक ओळ लिहा. नाव सोडून फक्त वय, गाव, शिक्षण आणि एखादी सवय. ती गावातल्या कुणालाही वाचून दाखवा आणि हे कोण ते विचारा. किती सेकंद लागतात ते मोजा.

प्रश्न असतील तर विचारा. नाहीतर चहा आहेच.