पडद्यावरचं मराठी बोलतं करा



पुण्यात आपलं मनापासून स्वागत. पुणेकर आदरातिथ्यात हात आखडता घेतात असा लौकिक आहे. तो खोटा ठरवायला दारापासून स्वयंसेवक उभे केले आहेत. कुणालाही दंड धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, हे त्यांना बजावलं आहे. भिंतीवरच्या फलकाचा आपल्यातल्या बऱ्याच जणांना उपयोग नाही, म्हणून सभागृह तोंडी सांगतो. व्यासपीठ समोर आहे. त्याच्या पायऱ्या तुमच्या डाव्या हाताला, कठडा नाही, जरा सांभाळून. पाणी मागच्या दाराबाहेर उजवीकडे. कार्यक्रमपत्रिका ब्रेलमध्ये आहे, मोठ्या टायपात आहे आणि तुमच्या व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्येही आली असेल.

मी बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो. अंध उमेदवार म्हटला की त्याला बोर्डवर बसवायचं, हे तेव्हा ठरलेलंच असे. मग संगणक बोलायला लागला. अपघातात दृष्टी गेलेला मोटारसायकल शर्यतपटू टेड हेन्टर प्रोग्रॅमर झाला आणि त्याच्या कंपनीनं १९८९ साली डॉससाठी जॉज हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, आणलं. पुढे ते विंडोजवर आलं, आपल्याकडे पोचलं, आणि आमच्यातले काही जण बोर्डावरून उठून टेबलाशी बसले, स्वतःची पत्रं स्वतः लिहू लागले. किंमत मात्र पगारदारालाही न झेपणारी. ती अडचण ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं सोडवली. त्यानं २००६ मध्ये एनव्हीडीए हे तसंच सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, जेम्स टेह हा दुसरा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि आज खेड्यातला विद्यार्थीही एक पैसा न देता ते उतरवून घेतो. त्यासोबत येणारा ईस्पीकचा आवाज मराठी वाचतो. यंत्रासारखा वाचतो, हे खरं. पण परीक्षेच्या आदल्या रात्री तक्रार करायला वेळ कुणाला असतो?

मग अडतं कुठे? माझ्या मते, आता यंत्रापेक्षा आपल्या मराठी मजकुरात जास्त अडतं. डीटीपीच्या जुन्या फाँटांमध्ये ‘क’ हा खरा ‘क’ नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, वर मराठी आकारांचा मुखवटा. डोळसाला मुखवटा दिसतो. स्क्रीन रीडर थेट संकेत वाचतो, त्यामुळे आमच्या कानावर एखादं इंग्रजी अक्षर, मग डॉलर, मग कंस, असं काहीतरी येतं. वर त्याची पीडीएफ, तीही स्कॅन केलेली! मग चित्रातली अक्षरं ओळखणारं ओसीआर लावायचं, आणि त्यानं रफार गाळला, जोडाक्षर फोडलं, की एक परिच्छेद ऐकायला अर्धा तास.

गंमत अशी की देवनागरीचे संकेत पक्के करणारं इस्की हे भारतीय मानक १९९१ सालचं आहे, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. या कामात वर्षानुवर्षं गुंतलेलं सी-डॅक याच शहरात आहे. आणि याच शहरातल्या छापखान्यांतून जुन्या फाँटातल्या फायली अजून बाहेर पडतात.

कायदा आड येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात आपल्यासाठी सुलभ प्रती काढण्याची मोकळीक दिली. याच मोकळिकीसाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला, २०१४ मध्ये. मोकळीक आहे, पण हातात वाचता येण्याजोगी फाईल हवी ना! प्रकाशकांना चोरीची भीती वाटते, ती मी समजू शकतो. पण चोर पुस्तक स्कॅन करूनही चोरतो. अडतो तो आमचा बी.ए.चा विद्यार्थी.

अंशतः अंध मित्रांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण अशा परिषदांत त्यांची बाजू राहूनच जाते. फोन नाकाला लावून वाचणाऱ्याला लोक म्हणतात, ‘दिसतंय की तुला!’ पडदा सहापट मोठा केला की एका वेळी त्याचा एक कोपराच दिसतो. डावीकडे ‘नाव’ लिहिलेलं आणि भरायची चौकट पार उजवीकडे, ती सापडेपर्यंत नाव विसरावं. त्यात पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं, ही हल्लीची फॅशन. काळ्यावर पिवळं ठेवा म्हटलं तर डिझाइनवाले नाक मुरडतात. मुरडोत.

खातं उघडताना ओळख पटवण्यासाठी, म्हणजे केवायसीसाठी, अजूनही कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावा म्हणतात. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि दृष्टिहीन नागरिक यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात सांगितलं आणि केवायसीची पद्धत बदलायचे आदेश दिले. उद्याच्या सत्रात वकील मंडळी यावर बोलतील, म्हणून मी इथेच थांबतो.

वक्त्यांना एक विनंती: बोलण्याआधी आपलं नाव सांगा, आणि स्लाइडवर काय आहे ते तोंडानं सांगा. ‘इथे बघा’ म्हणालात तर हशा पिकेल.

दुपारी तीनला काही प्रकाशक आपल्याशी बोलायला येत आहेत. त्यांनी यायचं कबूल केलं, याबद्दल त्यांचे आभार, भांडण नको. पण हेडफोन काढून ठेवा, फोनमधला स्क्रीन रीडर टॉकबॅक चालू करा आणि त्यांचंच एखादं पान त्यांना ऐकवा.

उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी पुढे यावं. माइक त्यांच्या उजव्या हाताला आहे.