मोटारसायकल आणि रविवार


मोटारसायकलीचे सुख लहानसेच असते. जुन्या गाडीने घाटात आचके द्यावेत, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवताच ती पुन्हा धडधडावी, आणि वळणापलीकडे पंप दिसावा! खंबाटकी उतरताना गार वारा छातीवर घ्यावा, वाईत चहा प्यावा. याला पैसा थोडा लागतो. पण वेळ मात्र आपला स्वतःचा असावा लागतो. हा वेळ कुणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला. आज घरोघर जेवण पोचवणारा तरुण दिवसभर मोटारसायकलवरच असतो. वारा तोच, पण त्याचे मिनिट न् मिनिट दुसरा मोजतो. त्यालाही त्याचा रविवार मिळालाच पाहिजे!