सुई का तुटते?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी वर्गात इतिहास शिकवतो. बी.ए. झालेल्या माणसाने यंत्रावर बोलावे हे आमच्या विज्ञानाच्या सरांना कदाचित खटकेल. पण गोष्ट माझ्याच घरात घडली, म्हणून धाडस करतो. चार वर्षांपूर्वी माझ्या अम्मीच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल करून घेतले. पैसे दिले, कॅप बसवली, घरी आलो. दीड वर्षाने दाढ पुन्हा ठणकू लागली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी एक बारीक पांढरी रेघ होती. तो सुईचा तुकडा होता. पहिल्या दवाखान्यात सुई तुटल्याचे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. अम्मी एवढेच म्हणाली, "सांगितलं असतं तर मी काय भांडले असते?"

मला मात्र राग आला. राग ओसरल्यावर वाटले, ही सुई तुटते तरी कशी, ते समजून घ्यावे.

आपल्याकडे घरोघरी शिलाई मशीन आहे. जाड कापडाला बारीक सुई लावली, किंवा सुई कापडात असताना कापड हाताने ओढले, की सुई वाकते, खालच्या पट्टीवर आदळते आणि कट्‌कन तुटते. आमच्या शिवणवर्गातल्या मुलींना हे कोणी शिकवावे लागत नाही. (याच मुलींना विज्ञान झेपणार नाही म्हणून दहावीनंतर घरी बसवणाऱ्या पालकांनी यावर जरा विचार करावा.)

दाताच्या मुळातली सुई टोचत नाही, ती फिरते आणि आतली नळी कोरून साफ करते. डॉक्टर तिला फाईल म्हणतात. टोकाशी तिची जाडी ०.२५ मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. आणि दाढेचे मूळ बहुधा वाकडे असते. पूर्वी पोलादी सुया हातानेच फिरवीत. १९८८ साली वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन या संशोधकांनी निकेल-टायटॅनियमच्या तारेपासून केलेल्या सुयांची परीक्षा प्रसिद्ध केली. त्या पोलादी सुयांपेक्षा दोन-तीन पट लवचिक निघाल्या. अशा सुया मग वाकड्या नळीतही मोटरवर फिरवता येऊ लागल्या. हातांचे काम हलके झाले, पण तुटण्याची भीती गेली नाही.

सुई दोन प्रकारांनी तुटते. पहिला प्रकार पिळाचा. टोक अरुंद जागी अडकते, वरून मोटर फिरतच राहते, आणि सुई पिळवटून तुटते. यावर उपाय निघाला आहे. मोटरवर पिळाची मर्यादा ठरवून ठेवता येते. तेवढा जोर आला की मोटर आपोआप थांबते आणि उलटी फिरून टोक सोडवते.

दुसरा प्रकार अधिक फसवा. मुलांनो, तार पुढेमागे वाकवून तुम्ही सर्वांनी तोडली आहे. वाकड्या नळीत फिरणाऱ्या सुईचे तसेच होते. बाहेरच्या अंगाला ती ताणली जाते, आतल्या अंगाला दाबली जाते, आणि प्रत्येक फेऱ्यात बाजू बदलते. मिनिटाला ३०० फेरे असतील आणि सुई वळणावर एकाच जागी दहा सेकंद धरली, तर ५० वेळा ती वाकली. ही थकवा येण्याची क्रिया बाहेरून दिसत नाही. पिळाने सुईचे आटे उलगडलेले भिंगाखाली दिसू शकतात. थकलेली सुई नव्यासारखीच दिसते आणि अचानक तुटते. पिळाची मर्यादा लावलेली मोटर इथे वाचवीत नाही. इथे वाचवतो तो हात. आधी हाताच्या बारीक सुईने वाट मोकळी करावी, मोटरची सुई दाबू नये, ती वरखाली हलती ठेवावी, पुन्हापुन्हा पुसावी, आणि ती किती वेळा वापरली याचा हिशेब ठेवून वेळीच टाकून द्यावी. पुष्कळ कंपन्या आता अशी सुई एकाच रुग्णापुरती म्हणून विकतात. जुनी सुई 'अजून चांगली आहे' म्हणून चालवणे हा खरा घात आहे, असे माझे मत आहे.

२००८ साली गसान यारेद यांनी आणखी एक युक्ती मांडली. सुई एकाच दिशेने न फिरवता थोडी पुढे, थोडी मागे फिरवायची. पुढे त्यावर निघालेल्या एका पद्धतीत सुई एकीकडे १५० अंश जाते आणि ३० अंश परत येते. अशा तीन हेलकाव्यांत एक फेरा पुरा होतो. टोक अडकण्याआधीच सुटते आणि सुई अधिक काळ टिकते.

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मला इथे अल-जहरावी आठवतात. कुर्तुब्याजवळचे हे शल्यवैद्य सुमारे १०१३ साली वारले. त्यांच्या 'किताब अल-तसरीफ'च्या तीस भागांपैकी शेवटचा शस्त्रक्रियेवर आहे आणि त्यात सुमारे २०० हत्यारांच्या आकृत्या आहेत. कवटीचे हाड विंधण्याच्या सामत्यांना टोकाच्या वर कडे ठेवावे, म्हणजे टोक मेंदूत घुसणार नाही, असे ते सांगतात. थांबण्याची सोय हत्यारातच! पण मला त्याहून मोठी वाटते ती या भागाची सुरुवात. तिथे त्यांनी अडाणी वैद्यांच्या हातून झालेले अनर्थ स्पष्ट लिहून ठेवले आहेत. गळ्यावरील गाठ कापताना रक्तवाहिनी तुटून एक बाई कशी दगावली, हेही त्यात आहे. त्यांनी झाकले नाही.

सुई तुटणे हा दरवेळी गुन्हा नसतो. उत्तम डॉक्टरांच्या हातूनही ती तुटते. तुकडा काढता येतो की नाही, काढावा की नाही, हे तो कुठे आहे आणि नळी किती साफ झाली आहे यावर ठरते. कित्येकदा तो आत ठेवणेच शहाणपणाचे असते. पण रुग्णाला सांगणे आणि कागदावर नोंद करणे हे टाळता येत नाही. पालकांनीही केसपेपर आणि एक्स-रे मागून घ्यावा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी तुकड्याच्या कडेने हाताची बारीक सुई पलीकडे नेली, नळी धुऊन पुन्हा भरली. तुकडा आत तसाच आहे. दाढ दुखत नाही. अम्मी त्याच बाजूने सुपारी फोडते, आणि माझे ऐकत नाही.

तो एक्स-रे आज मी बरोबर आणला आहे. एक तुटलेली सुई आणि भिंगही आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर शिवणवर्गाच्या टेबलाजवळ यावे.